चुरीची वाइन, बाबांचा नकार आणि ४० लाखांचं कर्ज

पत्र: ताई, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यातला. वय २९, बीएस्सी झालो आणि आता घरचं वावर पाहतो. सहा एकर संत्रा आहे. चांगल्या साली २४-२५ टन माल निघतो, पण त्यातला पाव हिस्सा चुरी, म्हणजे बारकं, कमी प्रतीचं फळ. व्यापारी बगिचा उक्ता मागतात आणि चुरीचा पैसाच धरत नाहीत. पुण्याच्या एका सल्लागारानं मला संत्र्याच्या वाइनचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिला आहे. ४० लाखांचं कर्ज, त्यासाठी तीन एकर तारण, तिसऱ्या वर्षी एक लाख बाटल्या, आणि नागपूर-अमरावती महामार्गावर टेस्टिंग रूम. दोन एकरांत वाइनची द्राक्षंही लावा म्हणतात. दिवाळीनंतर मी घरीच २० लिटरच्या कॅनमध्ये वाइन करून पाहिली. कडवट झाली, पण मित्रांना आवडली. बाबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. ते म्हणतात, दारूचा पैसा या घरात येणार नाही. वाइन म्हणजे दारू नव्हे असं मी सांगायला लागलो की उठून जातात. काटोल तालुक्यात मामाचं वावर आहे, ते मदतीला तयार आहेत. काय करू?

उत्तर:

भाऊ, आधी त्या कॅनचं बोलू. त्यात काही उरलं असेल तर आजच ओतून द्या, आणि त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवले असतील तर यापुढे पाठवू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९चा आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते घरच्या संत्र्याचं असो की मित्रांना फुकट पाजलेलं असो. तुमच्या जिल्ह्यात तर सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. उद्या परवाना मागायला गेलात आणि नावावर असा एखादा गुन्हा निघाला, तर सगळं तिथंच थांबेल.

सल्लागाराच्या रिपोर्टमध्ये ही दारूबंदी दिसत कशी नाही, याचं मला फार वाईट वाटलं. कारंज्यात वायनरी होऊ शकत नाही. गडचिरोलीत १९९३ला बंदी आली. चंद्रपुरात २०१५ला आली आणि २०२१मध्ये उठली. चंद्रपूरची उठली म्हणून वर्ध्याचीही उठेल, या आशेवर जमीन तारण ठेवू नका. सेवाग्राम आणि पवनार असलेल्या जिल्ह्याची बंदी उठवायला कुठलंही सरकार दहादा विचार करेल. टेस्टिंग रूमचंही तसंच. त्या महामार्गाचा तुमच्याकडचा पट्टा बंदीच्या जिल्ह्यात येतो. बंदी नसती तरी सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६च्या निकालाप्रमाणे महामार्गापासून ५०० मीटरच्या आत, आणि मार्च २०१७च्या दुरुस्तीप्रमाणे २० हजारांपर्यंत वस्तीच्या गावात २२० मीटरच्या आत, साधारणपणे मद्यविक्री करता येत नाही. म्हणजे रिपोर्टमधलं ते देखणं चित्र काढून टाका.

राहिला काटोल. तो नागपूर जिल्हा, तिथं बंदी नाही, आणि संत्र्याचा मुलूख. तुमची फळं काटोलला नेण्यात काही अडचण नाही, ती नुसती फळं आहेत. तयार बाटली मात्र कारंज्यात परत आणता येणार नाही. तेव्हा इथून पुढचं सगळं काटोल धरूनच लिहिते.

तुमच्या सगळ्या योजनेचा पाया चुरीवर आहे, आणि माझी खरी हरकत तिथंच आहे. तुमची वाइन कडवट का झाली, याचा विचार केलात का? संत्र्याचा रस काढताना गोड लागतो आणि काही तासांनी कडू होत जातो. बिया आणि फोडींवरच्या पापुद्र्यातून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं, त्यामुळं हे घडतं. फळ जितकं कच्चं तितका हा कडवटपणा जास्त. झाडावर नीट पिकलं की तो कमी होतो. चुरीत न पिकलेलं, आंबट, पातळ रसाचं फळ भरपूर असतं. आंबवल्यानं साखर संपते आणि कडवटपणा झाकायला काहीच उरत नाही. त्यातून फळ सालीसकट पिळलं तर सालीचं तेल रसात उतरतं, ते यीस्टलाही मानवत नाही आणि जिभेलाही. म्हणजे चांगल्या वाइनसाठी पिकलेलं फळ हवं, हातानं सोललेलं हवं, बी न चिरडता रस काढायला हवा. फळगळीचं, बुरशी लागलेलं फळ तर टाकीच्या जवळपासही नको. हे सगळं पाळलं की तुमचा कच्चा माल फुकटातली चुरी राहत नाही. व्यापारी ज्याला पैसे देतो तोच माल तुम्हाला टाकीत ओतावा लागतो, वर सोलणीची मजुरी. रिपोर्टमध्ये फळाचा भाव काय धरलाय ते काढून पाहा.

आता आकडे. नागपुरी संत्र्याच्या किलोमागं साधारण ४०० ते ४५० मिली रस निघतो. तुमची सहा टन चुरी म्हणजे अडीच हजार लिटर रस. गाळ वगैरे जाऊन २,२०० लिटर वाइन, ७५० मिलीच्या २,९०० बाटल्या. एवढ्यावर कारखाना चालत नाही. सल्लागारांच्या एक लाख बाटल्यांना साधारण २०० टन संत्री लागतील, म्हणजे तुमच्यासारखी जवळपास ५० एकरांची बाग. उरलेला माल शेजाऱ्यांकडून घ्यावा लागेल, तो त्या वर्षीच्या भावानं, आणि तेही रोखीनं. शिवाय रसाची साखर १०-११ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). एक टक्का अल्कोहोलला लिटरमागं सुमारे १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे नुसत्या रसातून साडेपाच-सहा टक्क्यांपर्यंतच मजल जाते. टेबल वाइनला नियमानं किमान ७ टक्के हवेत, आणि ११ टक्क्यांच्या आसपास गेली तर वाइन टिकते. त्यासाठी लिटरमागं ८०-९० ग्रॅम साखर वरून घालावी लागेल. एक लाख बाटल्यांना सात टन साखर. रिपोर्टमध्ये साखरेची ओळ आहे का?

आणि एक लाख बाटल्या म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस रोज पावणेतीनशे बाटल्या विकणं. कोणाला? वाइन पिणारा ग्राहक मुख्यतः मुंबई, पुणे, गोवा, बंगळुरूचा. नागपूरच्या दुकानात तुमच्या नव्या नावाच्या बाटलीला फळीवर जागा मिळवायची तर दुकानदार विचारणार, ही महिन्याला किती जाते? मद्याची जाहिरात करता येत नाही, त्यामुळं गिऱ्हाइकाला सांगायची सोय नाही. वितरक माल उधारीवर उचलतो. दुसऱ्या राज्यात विकायचं तर प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी. किराणा सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं जानेवारी २०२२मध्ये घेतला होता. अण्णा हजारेंपासून विरोधी पक्षापर्यंत सगळे विरोधात उभे राहिले आणि तो निर्णय अमलात आला नाही. सल्लागार त्याच्या भरवशावर असतील तर त्यांना हे सांगा.

मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, हे ऐकून अनेकांना बरं वाटतं. खरं तर छोट्या उद्योगाला ते जड जातं. बाटली, बूच, लेबल, टाक्या, चिलर, या सगळ्यावर तुम्ही जीएसटी भरता, पण तुमच्या विक्रीवर जीएसटी नसल्यामुळं भरलेला कर वळता होत नाही. तो खर्चातच जातो. वाइनवर राज्याचा व्हॅट वेगळा. राज्यानं २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि द्राक्षाच्या वाइनला सवलती दिल्या. त्या सवलती संत्र्याच्या वाइनला जशाच्या तशा लागू आहेत असं गृहीत धरू नका. नागपूरच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘होईल, होईल’ वर एक रुपयाही खर्च करू नका.

त्या धोरणाचं पुढं काय झालं तेही सांगते, कारण तुमच्यासारखीच माणसं त्यात होती. विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले, नाशिक-सांगलीकडं भराभर वायनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षं सोडून वाइनची लावली. २००८ला मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि खप घसरला. टाक्या भरलेल्या, पुढचा हंगाम दारात. अनेक छोट्या वायनऱ्या बंद पडल्या, शेतकऱ्यांची देणी थकली आणि लोकांनी बागा उपटून टाकल्या. नारायणगावच्या मोठ्या, जुन्या कंपनीलाही ते झेपलं नाही. ज्यांना वाइन करता येत होती तेही बुडाले, कारण भरलेली टाकी रिकामी करणारा ग्राहक नव्हता.

पैसा किती दिवस अडकतो ते मोजा. अंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं, फळ नोव्हेंबरात तोडलं, डिसेंबरात आंबवणं झालं, मग मुरवणं, निथळणं, गाळणं करत बाटलीत भरायला मे-जून उजाडतो. विक्री पावसाळ्यात सुरू होणार आणि वितरकाचा पैसा त्यानंतर येणार. फळाला दिलेला रुपया जवळजवळ वर्षानं परत येतो आणि ४० लाखांचं व्याज मात्र दर महिन्याला चालू असतं. रिपोर्टमध्ये खेळत्या भांडवलाचा आकडा पुरेसा नसेल तर यंत्रं उभी राहतील आणि फळ घ्यायला पैसे नसतील.

हवामानाची एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. अशी वाइन १५ ते १८ अंशांत आंबवली तर संत्र्याचा वास टिकतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडच्या रात्री थंड असतात. अंबियाला चिलरवर फार ताण येणार नाही. पण एप्रिल ते जून? पारा ४५च्या वर जातो आणि टाकीतली वाइन १५ अंशांच्या आसपास ठेवायची असते. शेतीच्या फीडरवर हे होत नाही. औद्योगिक जोडणी हवी, जनरेटर हवा, उष्णता अडवणाऱ्या पफच्या (फोमच्या) भिंती हव्यात. नागपूरच्या एखाद्या गरम दुकानात मे महिना काढलेली बाटली जूनमध्ये उघडली तर तिच्यात तुम्ही केलेली वाइन उरलेली नसते. याचा बंदोबस्त कारखान्याच्या भिंतीबाहेर करावा लागतो, आणि तो सगळ्यात अवघड आहे. याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, सांडपाण्याची सोय, अन्नसुरक्षेचा परवाना हे आहेच. ती कामं कागदपत्रांची आहेत, होतात.

द्राक्षांचा विचार सोडा. आपल्याकडं ती पिकतात तेव्हाच फेब्रुवारी-मार्चची गारपीट येते, भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, छाटणीचे जाणते मजूर इथं नाहीत, आणि वाइनचं द्राक्ष तोडल्यावर फार तर दिवसभरात चिरडावं लागतं.

मग वाट काय? मी तुम्हाला नको म्हणत नाही. तुमच्याकडं चांगलं फळ आहे, शिक्षण आहे, आणि नागपुरी संत्र्याला २०१४पासून भौगोलिक मानांकन आहे. बाटलीवर हे नाव खऱ्या अर्थानं लिहू शकणारी माणसं थोडी आहेत. पण कारखाना ही शेवटची पायरी ठेवा. संत्र्याला द्राक्षावर एक सरशी आहे. हिवाळ्यात नीट तोडलेलं पिकलं फळ चार-पाच दिवस सहज टिकतं. समृद्धी महामार्गानं ते दुसऱ्या दिवशी नाशिककडं पोचतं. तिकडच्या परवानाधारक वायनऱ्यांमध्ये संत्र्याच्या हंगामात, म्हणजे द्राक्ष यायच्या आधी, टाक्या रिकाम्या असतात. फळांच्या वाइनची परवानगी असलेली एखादी वायनरी गाठा आणि तिच्याशी करार करून दोन टन फळाची एक टाकी करून घ्या. हजार बाटल्यांच्या आत माल होईल. तो त्यांच्याच परवान्यावर, त्यांच्याच वाटेनं बाजारात जाऊ द्या. ग्राहक दुसरी बाटली घ्यायला परत येतो का, हे त्या हजार बाटल्या सांगतील. दोन-चार लाखांत हे कळतं. तीन एकर तारण ठेवून कळून घ्यायची गरज नाही.

त्याआधी स्वतः शिका. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, म्हैसूरला सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, दोन्हीकडं वाइन आणि फळप्रक्रियेची जाण असलेली माणसं आहेत. एक हंगाम एखाद्या वायनरीत नोकरी करा, पगार कमी असला तरी चालेल. टाक्या धुण्यापासून कामाला लागा, कारण वायनरीत सगळ्यात जास्त वेळ स्वच्छतेतच जातो. आणि घरी बसून कायद्यात बसणारं एक काम आजपासून करता येईल. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तुमच्या बागेतल्या रसाची ब्रिक्स आणि आंबटपणाची नोंद ठेवा, झाडांच्या ओळीप्रमाणे, तारखेप्रमाणे, अंबिया आणि पावसाळ्यात फुलणारा मृग अशा दोन्ही बहारांची. न आंबवलेला रस फ्रिजमध्ये ठेवून तो किती तासांनी कडू होतो तेही लिहा. एखाद्या वायनरीसमोर ही वही ठेवलीत की ते तुमच्याशी वेगळ्या स्वरात बोलतील.

चुरीचा प्रश्न मात्र मुळात बागेतला आहे, तो टाकीत सुटणार नाही. पाव हिस्सा चुरी निघते म्हणजे झाडाला फळांचा भार झेपत नाही, किंवा सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढलेली नाही, किंवा फळ फुगण्याच्या काळात पाणी आणि खत कमी पडतं, किंवा डिंक्या रोग आतून झाड खातोय. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत माती आणि पानांचे नमुने तपासून घ्या आणि त्यांच्या माणसाला एकदा बाग दाखवा. चुरी सहा टनांवरून तीनवर आली तर ते तीन टन तुम्ही चांगल्या मालाच्या भावानं विकाल, त्याच वर्षी, कर्जाशिवाय. उरलेल्या पिकलेल्या बारक्या फळाचा स्क्वॅश होऊ शकतो. त्यात नियमानं २५ टक्के रस लागतो आणि साखर भरपूर असल्यामुळं थोडा कडवटपणा खपून जातो. अशा खाद्यप्रक्रिया उद्योगाला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान असतं. योजना आता चालू आहे का, ते कृषी विभागाच्या तालुका कार्यालयात विचारा. आणि स्क्वॅश कारंज्यातच करता येतो.

आता बाबा. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारू नका. ते खरं नाही. ११ टक्के अल्कोहोल असलेलं पेय दारूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं निर्धोक असं कुठलंही प्रमाण नाही. वाइन तब्येतीला चांगली असा दावा बाटलीवर छापायलाही मनाई आहे. बाबांनी आयुष्यभर सामुदायिक प्रार्थनेला बसून जे जपलं, ते त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेल्या घरांमधून आलेलं आहे. आपल्याकडं बायांनी आडव्या बाटलीला मत देऊन गावागावातली दुकानं बंद केली, तीही उगाच नाही. या माणसाला शब्दांत अडकवायला गेलात तर तो उठूनच जाणार. तुम्हाला हा धंदा करायचाच असेल तर सरळ सांगा: बाबा, ही दारूच आहे, तिचं बरंवाईट मला कळतं, आणि तरी मला हे का करावंसं वाटतं ते ऐका. कदाचित ते तरीही नाही म्हणतील. तो त्यांचा अधिकार आहे.

सातबारा कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलं नाही. बाबांच्या नावावर असेल तर तारणावर त्यांची सही लागेल. ती सही ‘शेतीसाठी कर्ज आहे’ असं सांगून घेऊ नका, मामांनाही घेऊ देऊ नका. तशी घेतलेली सही कळल्यावर घरात जे तुटेल ते कुठल्याही नफ्यानं सांधलं जाणार नाही. काटोलला पुढंमागं काही उभं राहिलंच तर ते मामांबरोबर वेगळ्या भागीदारीत, लिहून, तुमच्या सहा एकरांना हात न लावता करा. मामांच्या गावच्या ग्रामपंचायतीशी आणि तिथल्या बचतगटाच्या बायांशी जागा ठरवायच्या आधी बोला, नंतर नाही.

चुरीबद्दल मात्र बाबांशी आजच बोलता येईल. व्यापाऱ्यानं पाव माल बिनपैशाचा नेला याचं दुःख त्यांनाही तुमच्याइतकंच असणार. नागपूरला माती तपासायला जाताना त्यांना सोबत घेऊन जा. आणि सल्लागारांना पुढचा हप्ता देण्याआधी त्यांच्याकडून तीन गोष्टी कागदावर मागा: दारूबंदीच्या जिल्ह्यात परवाना कसा मिळणार, २०० टन पिकलेलं फळ कोणत्या भावानं येणार, आणि रोजच्या पावणेतीनशे बाटल्या कोणती दुकानं घेणार. उत्तरं आली तर मला पाठवा, मी त्यावर पुन्हा लिहीन.